हरवलेला ससा आणि त्याचा धनी

मराठी भाषेंत ससा हा शब्द एकच; पण त्या शब्दाखालीं वावरणारे प्राणी मात्र दोन आहेत. एक रानांतला. संध्याकाळच्या वेळीं पऱ्हाटीच्या ओळींतून धुऱ्यावर येणारा, मातकट रंगाचा, मानेच्या मागें काळा डाग असलेला आणि माणसाची चाहूल लागतांच टुणकन् उडी मारून नाहींसा होणारा. दुसरा घरांतला. पांढरा, काळा किंवा ठिपक्यांचा, पिंजऱ्यांत अथवा पडवींत राहणारा, मुलांच्या हातून कोथिंबिरीच्या काड्या खाणारा. इंग्रजी भाषेनें या दोघांना हेअर व रॅबिट अशीं निरनिराळीं नांवें दिलीं. मराठीनें ती तसदी घेतली नाहीं, कारण दुसरा प्राणी मुळीं या देशाचाच नव्हे. कासवाशीं शर्यत लावणारा ससा, पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धांवत सुटणारा ससा, ज्याच्यावरून चंद्राला शशांक हें नांव मिळालें तो ससा, हे सारे रानांतलेच.

भाषेची ही काटकसर एरव्हीं कोणाला जाचत नाहीं. परंतु घरचा ससा हरवला, तो कोणा दयाळू माणसाला सांपडला, त्यानें तो प्राण्यांच्या आश्रमांत नेऊन पोंचविला, आणि मग ज्या घरचा तो होता त्या घरचीं माणसें तो परत मागावयास गेलीं, म्हणजे हा एक शब्द दोन कायद्यांच्या मध्यें उभा राहतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. विषय लहान दिसतो खरा. पण ज्या घरांतलें मूल दोन दिवस जेवलेलें नसतें त्या घराला तो लहान वाटत नाहीं.

प्रथम या दोन प्राण्यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. रानांतल्या सशाला शास्त्रांत लेपस नायग्रिकॉलिस म्हणतात. काळ्या मानेचा असा त्या नांवाचा अर्थ. तो बीळ करीत नाहीं. गवतांत अंग दाबून बसण्यापुरती जागा, एवढेंच त्याचें घर. त्याचीं पिलें अंगावर केंस व डोळे उघडे असेंच जन्मास येतात. घरांत पाळला जातो त्याचें शास्त्रीय नांव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. त्याचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या मुलखांतले, जमिनींत बिळें करून जमावानें राहणारे. त्याचीं पिलें उघडीं, आंधळीं व अगदीं परावलंबी असतात. एकाच्या पेशींत गुणसूत्रें ४८, दुसऱ्याच्या ४४. घोडा व गाढव यांचें निदान खेचर तरी होतें. या दोन सशांचें तेंही होत नाहीं.

कायद्यानें हा भेद फार कडक रीतीनें पाळला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं रानांतला ससा संरक्षित आहे. त्याला मारणें तर गुन्हा आहेच, पण धरणें व घरीं बाळगणें हाही गुन्हाच. आणि असा प्राणी शासनाची मालमत्ता समजला जातो. उलट घरचा ससा या कायद्याच्या सूचींत नाहीं. २०१८ सालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीं जे नियम झाले त्यांत कुत्रा व मांजर यांच्या पंक्तीला सशाचें नांव स्पष्टपणें घातलेलें आहे. म्हणजे एक ससा सरकारचा, दुसरा घरधन्याचा. हरवलेला ससा परत मागतांना पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, तो यांपैकीं कोणता?

आतां हें प्रत्यक्षांत कसें घडतें तें पाहण्यासाठीं वर्धा जिल्ह्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) हें ठिकाण डोळ्यांपुढें आणावें. महाराष्ट्रांत तळेगांवें पुष्कळ. पुण्याकडे तळेगांव दाभाडे व तळेगांव ढमढेरे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर. म्हणूनच यांतील प्रत्येकाला आडनांव लावण्याची पाळी आली. हें तळेगांव आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे, आणि आर्वी व आष्टी या गांवांकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. त्यामुळें येथें मोटारी थांबतात, माणसें चहा घेतात, पाय मोकळे करतात. समजा, नागपुराहून अमरावतीस निघालेलें एक कुटुंब असेंच थांबलें आहे. मुलीच्या मांडीवर वेताची टोपली, टोपलींत पांढरा ससा. झांकणाची दोरी सैल झाली, मागून एका ट्रकचा भोंगा वाजला, आणि ससा उडी मारून रस्त्याकडेच्या झुडपांत शिरला. अंधार पडेपर्यंत शोध झाला. ससा मिळाला नाहीं. कुटुंब पुढें गेलें. जातांना दुकानदाराकडे पत्ता ठेवावा हें रडारडींत कोणास सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संत्र्याच्या बागेंत पाणी देणाऱ्या गड्याला तो ससा दिसतो. भोंवतीं पोरें जमतात. कोणी म्हणतो, “ससा धरला तर फॉरेस्टवाले नेतील.” एक म्हातारा जवळ येऊन म्हणतो, “रानातला नव्हे जी हा, बाप्पा! डोये पाहा ना कसे लाल हायेत!” म्हाताऱ्याचें म्हणणें शास्त्राला धरून आहे. लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र ससा हा बहुतेक नेहमींच पाळीव असतो. त्याच्या अंगीं रंगद्रव्यच नसल्यामुळें डोळ्यांतील रक्ताचा रंग दिसतो. असा प्राणी रानांत जन्मला तरी कोल्ह्याच्या व घारीच्या नजरेंतून चार दिवस सुटावयाचा नाहीं. परंतु पाळीव ससा प्रत्येक वेळीं पांढराच असतो असें नाहीं. कांहींचा रंग थेट रानसशासारखा मातकट असतो, आणि मग म्हाताऱ्यालाही ओळखतां येत नाहीं. अशा वेळीं कान पाहावे, मागचे पाय पाहावे, मानेमागील काळा डाग पाहावा. रानसशाचे कान व तंगड्या शरीराच्या मानानें लांब आणि अंगकाठी सडपातळ असते. घरचा ससा गुबगुबीत, तोंडानें वाटोळा.

गांवांतील माणसें अशा वेळीं वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करतात किंवा प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या संस्थेस कळवितात. वर्ध्यास पिपरी (मेघे) येथें पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचा करुणाश्रम आहे. नागपुरास सेमिनरी टेकडीवर वन्य प्राण्यांचें उपचार केंद्र आहे. सांपडलेला प्राणी अशा एखाद्या ठिकाणीं पोंचतो हें त्याचें मोठें भाग्य. येथून पुढचें विवेचन मात्र कोणा एका संस्थेविषयीं नसून सर्वत्र घडणाऱ्या प्रकाराविषयीं आहे, हें श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावें.

चार दिवसांनीं त्या कुटुंबाला कोठून तरी छायाचित्र मिळतें. “तळेगांवास ससा सांपडला” एवढाच मजकूर खालीं असेल तर निम्मीं माणसें दाभाड्यांच्या तळेगांवीं चौकशी करीत बसतील, हा भाग वेगळा. शेवटीं वडील व मुलगी आश्रमाच्या दारीं येतात. मुलगी म्हणते, तो आमचा राजा आहे. आंतली बाई शांतपणें विचारतात, “हो का, बाळ? पण त्याला ओळखावें कसें?” आणि येथें घरच्या माणसांना एकाएकीं जाणवतें कीं, ज्या प्राण्याला तीन वर्षें रोज हातानें खाऊं घातलें, त्याची एकही निश्चित खूण त्यांना सांगतां येत नाहीं. पांढरा आहे, लाल डोळे आहेत, फार गोड आहे. असे तर पिंजऱ्यांत आणखी दोन बसले आहेत. त्यांतून डॉक्टर सांगतात कीं ही मादी आहे. राजा नव्हे, राणी. सशाच्या बाबतींत हा प्रकार इतका नेहमींचा आहे कीं, केवळ तेवढ्यावरून कोणाचा दावा खोटा ठरवूं नये.

दुसरी एक चूक आश्रमाकडूनही होण्याचा संभव असतो. ससा मुलीच्या मांडीवर ठेवतात आणि तो तिला ओळखतो कीं काय हें पाहतात. तो दगडासारखा निश्चल बसतो. मग म्हणतात, पाहा, ओळख नाहीं. ही कसोटी कुत्र्याला लावावी. ससा हा जन्मतःच शिकार होण्याच्या भीतींत वाढलेला प्राणी. अनोळखी जागेंत, अनोळखी वासांत, त्याचा पहिला धर्म म्हणजे न हालणें. घरीं तो मुलीच्या पायांभोंवतीं गिरक्या घेत असेल, हांक मारतांच धांवत येत असेल. येथें तो कानसुद्धां हालविणार नाहीं. त्याच्या त्या मौनाचा अर्थ कोणाच्याही विरुद्ध लावणें योग्य नव्हे.

ओळख पटविण्याची खरी रीत फार जुनी आहे. मनुस्मृतींत हरवलेल्या मालाविषयीं सांगितलें आहे कीं, हें माझें असें जो म्हणेल त्याला विधिपूर्वक विचारावें. वस्तूचें रूप, संख्या वगैरे त्यानें बरोबर सांगितलें तर ती त्यास द्यावी, आणि खोटा दावा करणाऱ्यास दंड करावा. याज्ञवल्क्य स्मृति त्याहून पुढें जाऊन सांभाळणुकीचे दरही देते. हरवलेलें जनावर सोडवून नेतांना एका खुराच्या प्राण्यामागें चार पण, म्हैस, उंट व गाय यांमागें दोन पण, शेळी-मेंढीमागें पाव पण द्यावे असा तिचा नियम आहे. यांतलें व्यवहारज्ञान पाहण्यासारखें आहे. धन्याचा हक्क मान्य आहे, पण ज्यानें जनावराला मध्यंतरीं चारापाणी केलें त्याचा खर्चही मान्य आहे. ससा त्या यादींत नाहीं. त्या काळीं तो पाळीतच नव्हते.

कोंडवाडा ही जुन्या पिढीच्या परिचयाची संस्था याच धोरणावर उभी होती. १८७१ च्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, कोंडलेल्या जनावराचा धनी सात दिवसांत आला नाहीं तर पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी, ठाण्यावर जाहीर नोटीस लावावी, गांवांत व जवळच्या बाजारीं दवंडी पिटावी. आणखी सात दिवस वाट पाहून मगच जनावर लिलांवांत काढावें. त्या आधीं धनी आला, त्यानें दंड व वैरणीचा खर्च भरला, कीं जनावर त्याचें. कोंडवाडा ही कांहीं मायेची जागा नव्हती. तेथें बैलांच्या बरगड्या मोजतां येत असें लोक म्हणत. पण मुदत किती, खर्च किती आणि दवंडी कोठें, याविषयीं तेथें संदेह नव्हता. त्या कायद्यांतील जनावरांच्या व्याख्येंत हत्ती, उंट, घोडे, गाढवें, डुकरें, शेळ्या, मेंढ्या सर्व आहेत. ससा तेथेंही नाहीं.

मग हरवलेल्या सशाला कायदा कोणता? कायद्याच्या दृष्टीनें पाळीव ससा ही धन्याची वस्तु. वस्तु म्हटलेलें कोणा प्राणिप्रेमी मनुष्यास रुचणार नाहीं, पण या प्रसंगीं तोच शब्द त्या मुलीच्या कामाचा आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील ७१ वें कलम सांगतें कीं, दुसऱ्याची वस्तु सांपडून जो ती आपल्या ताब्यांत घेतो त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. त्याच कायद्याचें १६८ वें कलम सांपडणाऱ्याची बाजू घेतें: वस्तु सांभाळण्यासाठीं आपखुषीनें केलेल्या खर्चाबद्दल त्याला दावा लावतां येणार नाहीं, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवतां येईल, आणि धन्यानें बक्षीस जाहीर केलें असेल तर त्याबद्दल दावाही लावतां येईल. १६९ व्या कलमांत, एरव्हीं बाजारांत विकली जाणारी वस्तु असेल तर, खर्च मालाच्या किंमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असतां ती विकण्याची मुभा आहे. सशाच्या बाबतींत हें कलम मोठें चमत्कारिक ठरतें. बाजारांत ज्याची किंमत थोडक्या रुपयांची, त्याच्यावर एकदां डॉक्टरी उपचार झाले कीं दोन तृतीयांशाची मर्यादा पहिल्याच दिवशीं ओलांडली जाते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें घड्याळें व गांठोडीं होतीं. तिसऱ्या दिवशीं उपवासानें मरणारी वस्तु नव्हती.

या अखेरच्या वाक्यांत अतिशयोक्ति नाहीं. सशाचें आंतडें सतत चालूं राहिलें पाहिजे. भीतीनें किंवा दुखण्यानें त्यानें बारा-चोवीस तास खाणें सोडलें कीं आंतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगतें, आणि प्राणावर बेततें. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात. चावावयास गवत मिळालें नाहीं तर ते वेडेवांकडे वाढून तोंडांत रुततात. आणि वऱ्हाड-नागपूरकडचा उन्हाळा त्याला मुळींच सोसत नाहीं. त्याला घाम येत नाहीं, अंगांतली उष्णता बहुतेक कानांवाटेंच बाहेर पडते. म्हणून बागेंतून आलेला ससा आश्रमांत पोंचतो तेव्हां त्याला औषध, पातळ आहार, थंड जागा व स्वतंत्र पिंजरा एवढें तरी लागतें. कानांत गोचिडी-खरजेचे किडे आहेत कीं काय, कुत्र्याचे दांत लागले आहेत कीं काय, जखमेंत अळ्या पडल्या आहेत कीं काय, हें पाहावें लागतें. हें सारें करणारीं माणसें पुष्कळदां वर्गणीवर काम करीत असतात. धन्यानें दारांत उभें राहून “आमचा ससा द्या” एवढेंच म्हणावें आणि मधल्या चार रात्रींविषयीं एक शब्द बोलूं नये, हें शोभत नाहीं.

आश्रमाच्या मनांत आणखी एक शंका असते, आणि ती निराधार नसते. हरवला म्हणून आलेल्या प्राण्यांत कित्येक हरवलेले नसून सोडून दिलेले असतात. सुटींत मुलांच्या हट्टासाठीं ससा आणावयाचा, महिन्यांत एकाचे दोन व दोनाचे आठ झाले, कीं रात्रीं गांवाबाहेर सोडावयाचा. सशाच्या मादीचा गर्भकाळ अवघा एकतीस दिवसांचा असल्यामुळें ही गणना फार लवकर वाढते. रानांत सोडला म्हणजे बापडा स्वतंत्र झाला, अशी समजूत करून घेणारीं सुशिक्षित माणसेंही आहेत. पाळीव ससा रानांत स्वतंत्र होत नाहीं. तो कोणाचें तरी जेवण होतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें प्राण्याला सबळ कारणाशिवाय असा टाकून देणें हा गुन्हाच ठरविला आहे. तेव्हां आश्रमानें चार प्रश्न विचारले तर त्यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं.

परंतु प्रश्न विचारणें वेगळें आणि प्राणी ठेवून घेणें वेगळें. कांहीं ठिकाणीं असें म्हटलें जातें कीं, ज्यांना झांकणाची दोरी बांधतां आली नाहीं ते ससा पाळण्यास लायक नाहींत. हा आतां दुसऱ्या चांगल्या घरीं जाईल. हेतु चांगला असला तरी हें म्हणणें मान्य करण्याजोगें नाहीं. १९६० च्या त्याच कायद्यांत, क्रूरतेबद्दल दोषी ठरलेल्या मनुष्यापासून त्याचा प्राणी काढून घेण्याची तरतूद आहे. पण तो अधिकार न्यायालयाला आहे, आणि तोही दोष शाबीत झाल्यावर. सैल दोरी म्हणजे क्रूरता नव्हे. हलगर्जीपणाचा धडा त्या घराला चार रात्रींत मिळालेला असतो. संस्थेला खरोखरच छळाचा संशय असेल तर पोलिसांकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. तो मार्ग न पत्करतां धन्याचा प्राणी जाणूनबुजून आपल्याकडे ठेवणें किंवा परस्पर तिसऱ्यास देणें हें भारतीय न्याय संहितेखालीं, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं आलेल्या कायद्याखालीं, अप्रामाणिक अपहारापर्यंत जाऊन पोंचूं शकतें.

प्राण्यांच्या आश्रमांचा इतिहास पाहिला तर या दोन हक्कांची ओढाताण पहिल्यापासून दिसते. १८३२ सालीं कंपनी सरकारच्या हुकुमानें मुंबईत मोकाट कुत्रे मारले जात होते. कुत्र्यामागें बक्षीस मिळत असल्यामुळें मारेकऱ्यांनीं मोकाट कोणता व घरचा कोणता हें पाहिलें नाहीं, आणि त्या वर्षींच्या जून महिन्यांत पारशी मंडळींच्या पुढाकारानें मोठा दंगा उसळला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ मध्यें, सर जमशेटजी जिजीभाई, शेट मोतीचंद अमीचंद वगैरे धनिकांनीं मुंबईचा पांजरपोळ स्थापला. लंडनमध्यें १८६० सालीं मेरी टीलबी या बाईंनीं कुत्र्यांसाठीं जें घर काढलें त्याच्या नांवांतच ‘तात्पुरतें’ हा शब्द होता. पुढें तें बॅटरसीस गेलें व त्याच नांवानें प्रसिद्ध झालें. १९९० च्या इंग्रजी कायद्याप्रमाणें तेथें सांपडलेला कुत्रा सात दिवस राखावा लागतो. ही मुदत कुत्र्यालाच आहे. ससा तेथेंही तिच्याबाहेर राहिला आहे.

धनी, आश्रम आणि प्राणी या त्रिकोणाची महाराष्ट्रांतील सर्वांत गाजलेली कथा मात्र सशाची नसून हत्तिणीची आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील नांदणी येथील जैन मठांत महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण १९९२ पासून होती. तिच्या प्रकृतीविषयीं तक्रारी झाल्या. पायांचे विकार, वाढलेलीं नखें व एकाकीपणा यांचा उल्लेख झाला. उच्चाधिकार समितीनें डिसेंबर २०२४ मध्यें तिला गुजरातेंतील जामनगरच्या वनतारा केंद्राशीं संलग्न अशा विश्वस्त संस्थेकडे पाठवावें असा निर्णय दिला. मुंबई उच्च न्यायालयानें १६ जुलै २०२५ रोजीं तो कायम केला, सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच महिन्याच्या अखेरीस मठाची विनंति अमान्य केली, आणि हत्तीण गेली. गांव दुःखानें पेटून उठलें. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत हजारों लोक पायीं चालत गेले. मुख्यमंत्र्यांनीं ५ ऑगस्टला बैठक घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं खुद्द वनतारानें हत्तिणीच्या परतीच्या मागणीस साथ देण्याची व नांदणीच्या परिसरांतच तिच्यासाठीं केंद्र उभारण्याची तयारी दाखविली.

या प्रकरणांत कोणाची बाजू बरोबर, हें येथें ठरवावयाचें नाहीं. न्यायालयानें मोजलें तें हत्तिणीचें सुख. लोकांनीं मोजली ती तेहतीस वर्षांची माया. दोन्ही मापें खरीं आहेत, आणि एकाच्या पायलीनें दुसऱ्याचें धान्य मोजतां येत नाहीं. हत्ती हा वन्य प्राणी असल्यामुळें तेथें मायेला कायद्यानें दुय्यम स्थान दिलें. उत्तर प्रदेशांत अमेठी जिल्ह्यांतील एका तरुणानें जखमी सारस पक्ष्याला बरें केलें, तो पक्षी त्याच्या गाडीमागें उडत जाऊं लागला, आणि मार्च २०२३ मध्यें वन खात्यानें तो नेला, तेव्हांही हेंच घडलें. पुढें कानपूरच्या प्राणिसंग्रहालयांत तो तरुण भेटावयास गेला असतां पक्षी पिंजऱ्यांत आनंदानें नाचूं लागला. सारस मात्र त्याला परत मिळाला नाहीं.

म्हणून तळेगांवच्या बागेंत मिळालेलें पिलूं मातकट रंगाचें, लांब कानांचें व काळ्या मानेचें असेल, तर तें गव्हाच्या सोंगणींत सांपडून महिनाभर बाटलीनें दूध पाजून कितीही जिवापाड जपलेलें असो, तें परत मागूं नये. तें मिळणार नाहीं, आणि मिळूं नये हेंच योग्य. किंबहुना तें मुळांत उचलावयासच नको होतें. रानसशाची आई पिलांजवळ दिवसभर बसून राहत नाहीं, कारण तिच्या वासावरून शत्रु तेथें येतील. ती दिवस मावळल्यावर एकदां येते, दूध पाजते व निघून जाते. शेतांत एकटें बसलेलें पिलूं पोरकें नसतें. त्याला हात न लावतां तेवढी पात सोंगावयाची ठेवली तर दुसऱ्या दिवशीं तें तेथें दिसत नाहीं.

पांढऱ्या सशाची गोष्ट निराळी. तो घरचा आहे आणि घरींच गेला पाहिजे. त्यासाठीं घरच्यांनीं काय करावें? आश्रमांत जातांना हातांत कांहीं तरी असावें: मोबाईलवरील जुनीं छायाचित्रें, विशेषतः कानांच्या आंतील शिरा व एखादा ठिपका दिसेल अशीं, डॉक्टरांची चिठ्ठी, विकत घेतला असल्यास पावती. नखांचा रंग, कानाची फाटलेली कड, जुन्या जखमेचा वण यांपैकीं एक तरी खूण घरांतील कोणीतरी टिपून ठेवलेली असावी. अलीकडे तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप खांद्यांच्या मध्यें कातडीखालीं बसवितां येते. यंत्र फिरवितांच तिच्यांतील पंधरा आंकडी क्रमांक वाचतां येतो. ती सशालाही चालते. आश्रमानें आपल्या बाजूनें छायाचित्र प्रसिद्ध करतांना एखादी खूण मुद्दाम झांकून ठेवावी आणि ती दावेदाराकडून वदवून घ्यावी. खर्चाची पावती द्यावी, सही घ्यावी, वाटल्यास महिन्यानें घरीं येऊन पाहूं असें सांगावें. मुदत किती दिवसांची हें दारावरच लिहून ठेवावें. दोन पांढऱ्या सशांबद्दल दोन कुटुंबें भांडूं लागलीं तर पोलीस ठाण्यांत नोंद करून निर्णय होईपर्यंत ससा आश्रमांतच ठेवावा. कोणाचें मूल अधिक मोठ्यानें रडतें यावरून न्याय करूं नये.

आणि मुळांत ससा निसटला त्या संध्याकाळीं पुढें जाण्याची घाई करूं नये. हरवलेला ससा सहसा लांब पळत नाहीं. जवळच्याच झुडपांत, दगडांच्या ढिगाखालीं, मोरींत दडून बसतो आणि उजाडतांना व दिवेलागणीला बाहेर येतो. त्याचीच टोपली उघडी करून, आंत त्याच्या वासाचें गवत घालून, निसटला त्याच जागेजवळ ठेवावी. पाठलाग करूं नये. दमलेला ससा भीतीनेंच दगावतो. चहाच्या दुकानावर, ग्रामपंचायतींत व बागवानांकडे नांव, पत्ता व दूरध्वनि क्रमांक लिहून द्यावा, आणि त्या चिठ्ठीवर नुसतें तळेगांव न लिहितां तळेगांव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, असें सविस्तर लिहावें. ससा परत आल्यावर घरांत दुसरे ससे असल्यास त्याला दोन आठवडे वेगळा ठेवावा. पहिल्या रात्रीं त्याला मुलांच्या हातीं देऊं नये. त्याची जुनी जागा, पाणी व भरपूर सुकें गवत देऊन अंधाऱ्या शांत कोपऱ्यांत ठेवावा, आणि सकाळीं उठून प्रथम लेंड्या पडल्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. पडल्या असतील तर आंतडें चालूं आहे. नसतील तर उन्हें वर येण्यापूर्वीं डॉक्टरांचें दार ठोठवावें.